बांगडी ठेवून काढलेलं शिकागो

प्रति,
मराठवाड्यातल्या कॉलेजांत समाजशास्त्र शिकवणारे सगळे सर आणि मॅडम

विषय: परीक्षेत गोल काढायला लावणं बंद करणेबाबत

सर, मॅडम, नमस्कार.

मी लातूरचा, प्लॉटिंगच्या धंद्यात आहे. फ्लेक्सवर हिरवंगार गवत, मधी कारंजं, खाली 'बायपास टच, एनए, खरेदीखत चालू, सोपे हप्ते' आणि एक मोबाईल नंबर, ते आम्हीच. तुमच्यातले निम्मे आमचे गिऱ्हाईक आहेत, पगाराचा फरक जमा झाला की पहिला फोन प्राध्यापक मंडळींचाच येतो आणि सगळ्यात जास्त घासाघीस पण तीच करतात, राग मानू नका. पण मी एमए समाजशास्त्र पण आहे. सेकंड क्लास. सेट, म्हणजे प्राध्यापक व्हायची परीक्षा, दोनदा दिली, निघाली नाही, मग मामाच्या ओळखीनं साईटवर उन्हात छत्री लावून बसायला लागलो ते आजपर्यंत बसलोय. त्यामुळं शहर कसं वाढतं हे मी दोन्हीकडून बघितलंय, आधी तुमच्या नोट्समधून आणि नंतर सातबाऱ्यातून, आणि या दोन्हीची एकमेकांशी गाठ कशी काय पडत नाही ते मला पंधरा वर्षं झाली तरी कळलेलं नाही.

नागरी समाजशास्त्राच्या पेपरला एक प्रश्न ठरलेला असायचा, 'बर्जेसचा समकेंद्री वर्तुळ सिद्धांत आकृतीसह स्पष्ट करा'. बर्जेस म्हणजे शिकागोचा समाजशास्त्रज्ञ, शहर मधल्या बाजारापासून गोलागोलानं बाहेर वाढतं असं त्याचं म्हणणं. एमएला कंपासपेटी कोण घेऊन फिरतंय, मग आम्ही रुमवर प्रॅक्टिस करायचो. रुपयाचं नाणं ठेवून पहिला गोल, मग बाटलीचं झाकण, मग मेसवाल्या मावशीची बांगडी, मग वाटी, मग डब्याचं झाकण. झाले पाच. मधी बाजारपेठ, तिच्या भोवती संक्रमण पट्टा, मग कामगारांची घरं, मग बऱ्या लोकांची घरं, शेवटी रोज गाडीनं ये-जा करणारे. मला १० पैकी ८ पडले आणि शिकागोबद्दल काडीचं काही कळलं नाही.

नंतर साईटवर गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर वाचत बसायचो, तेव्हा एकेक गोष्ट उलगडत गेली. पहिली म्हणजे शिकागो मिशिगन तलावाच्या काठावर आहे, आणि बर्जेसनं शिकागोवर हे गोल बसवून दाखवले त्या आकृतीत किनाऱ्याची रेघ त्या गोलांना मधोमध चिरत जाते. पूर्वेला नुसतं पाणी! आम्ही मात्र गरगरीत पूर्ण गोल काढून निम्मे कामगार तलावात बुडवले होते आणि तुम्ही त्याला ८ मार्क दिले. दुसरी गोष्ट, १९२५ साली आलेल्या त्या लेखाच्या नावातच बर्जेस म्हणतो की ही एका संशोधन प्रकल्पाची ओळख आहे. म्हणजे माणूस सांगतोय की बाबांनो ही सुरुवात आहे, आता जा आणि बघून या, आणि आपण तेच शंभर वर्षं फायनल उत्तर म्हणून पाठ करतोय.

आणि तिथं पोरं खरंच बघायला जायची. बर्जेसचा जोडीदार रॉबर्ट पार्क प्रोफेसर व्हायच्या आधी कैक वर्षं पेपरात बातमीदार होता, त्यानं विद्यार्थ्यांना खुर्चीवर बसूच दिलं नाही, डान्स हॉल, गँगा, स्वस्तातली लॉज, सगळीकडं पाठवलं. नेल्स अँडरसन नावाचा विद्यार्थी तर कामाच्या मागं गावोगाव फिरणाऱ्या बेघर मजुरांमध्ये राहूनच अभ्यास करत होता, तो स्वतःच पूर्वी त्यांच्यातला. शिकागोला त्याची गरज पण होती, १८३७ ला शहर म्हणून नोंद झालेलं ते गाव १८९० ला दहा लाखांच्या वर आणि १९२० ला २७ लाखांवर गेलं होतं, पोलंड, इटली, कुठून कुठून माणसं येऊन पडत होती. नवीन आलेला स्टेशन-कारखान्याजवळच्या मोडक्या घरांत राहायचा, हातात चार पैसे आले की एक गोल बाहेर सरकायचा, त्याच्या जागी दुसरा यायचा. यासाठी 'आक्रमण' आणि 'अनुक्रमण' हे शब्द त्यांनी झाडाझुडपांच्या शास्त्रातून उचलले, एक गवत जाऊन दुसरं कसं माजतं तसं. हे एवढं कुणी वर्गात सांगितलं असतं तर मी बांगडी मागायला गेलोच नसतो.

आता लातूर. आमचं हॉस्टेल गंजगोलाईपासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. गंजगोलाई! गोल बाजार, मधी अंबाबाईचं मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते, १९१७ चं काम. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९११ ला लातूरपर्यंत आली, मग सहा वर्षांत निजामाच्या मुलखातल्या या गावात अख्खी बाजारपेठ गोलात आखली गेली. म्हणजे जगात कुठं खराखुरा गोल काढून गाव वाढवलं असेल तर ते तुमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसतंय, आणि दोन वर्षांत एकाही सरांच्या तोंडून गोलाईचं नाव निघालं नाही. मला खरंच याचं नवल वाटतं, चिडत पण नाही आता.

बरं गोलाईवर बर्जेस लावून बघा, मजा येते. त्याच्या हिशोबानं बाजाराला लागूनचा पट्टा उतरणीला लागलेला पाहिजे, पैसेवाले तिथून कधीच निघून गेलेले पाहिजेत. आपल्याकडं खाली दुकान, मागं गोडाऊन, वर शेठजींचं घर, असं पिढ्यान् पिढ्या चाललेलं. पोरानं बाहेर बंगला बांधला तरी म्हातारा वाडा सोडत नाही, आणि जागा विकायला काढली तर तिथला फुटाचा भाव ऐकून माझ्यासारख्याला घाम फुटतो. गिडियन स्योबर्गनं १९६० ला सांगितलं होतं की कारखान्यांच्या आधीच्या शहरांत उलटं असतं, वजनदार लोक मधी आणि गरीब कडंला. ते वाचलं आणि मला गावाकडची आठवण आली. मधी मारुती, पाटलाचा वाडा, आणि गावकुसाबाहेर कोण ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. आपल्याकडचा पहिला झोनिंगचा नियम तो होता सर, त्याला ना नकाशा लागला ना कुणाची सही.

तसं बघितलं तर आमच्या धंद्याच्या जवळचा माणूस म्हणजे होमर हॉयट. यानं शिकागोतल्या शंभर वर्षांच्या जमिनीच्या भावांवर पीएचडी केली, १९३३ ला. जमिनीच्या भावावर पीएचडी, आमच्या लातुरात असता तर देव झाला असता. १९३९ ला त्यानं अमेरिकेतली १४२ शहरं बघून सांगितलं की शहर गोलात नाही, रस्त्याच्या दिशेनं फाकत जातं, कलिंगडाच्या फोडीसारखं. भारी वस्ती ज्या रस्त्यानं एकदा निघाली त्याच रस्त्यानं पुढं पुढं सरकत राहते. हे मला कुणी शिकवायची गरजच नाही, बार्शी रोड, औसा रोड, अंबाजोगाई रोड, नांदेड रोड, प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं, भाव वेगळा, आणि डॉक्टर मंडळी कुठल्या रोडला घेतायत याची बातमी आम्हाला त्यांच्या घरच्यांच्या आधी असते.

पण याच हॉयटची दुसरी बाजू नोट्समध्ये कधी नव्हती. त्यानं कुठल्या वंशाचे, कुठल्या देशाचे लोक राहायला आले की जमिनीचा भाव किती पडतो याची उतरंड लावून ठेवली होती, आणि नंतर तो काम करायला लागला ते घरकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी खात्यात, जिथं काळ्या लोकांच्या वस्तीला कर्जच मिळू नये असे नियम होते. हे वाचलं त्या दिवशी मी साईटवरून लवकर घरी गेलो. कारण माझ्याकडं येणारं गिऱ्हाईक रस्ता किती फुटी हे नंतर विचारतं, पाणी त्याच्याही नंतर. पहिला प्रश्न असतो, 'आजूबाजूला कोण कोण घेतलंय?' आणि मी आडनावं सांगतो. कुठली आधी सांगायची आणि कुठली गिळायची हे मला पाठ आहे. जयभीमवाल्या पोराला, बँकेत नोकरी, कर्ज मंजूर, तरी मी एकदा 'तो प्लॉट कालच गेला ओ' म्हणून सांगितलंय, आणि तो प्लॉट गेला नव्हता. आडनाव छापायची हिंमत नाही म्हणून पत्राखाली नाव घालत नाही. तुम्ही जात हा विषय वेगळ्या पेपरला शिकवता आणि शहर वेगळ्या पेपरला. ते दोन पेपर माझ्या साईटवर एकाच टेबलावर येतात.

हॅरिस आणि उलमन, १९४५, बहुकेंद्री सिद्धांत, म्हणजे शहराला एक नाही, अनेक केंद्रं असतात. यावर जास्त बोलत नाही, ट्यूशन एरियात संध्याकाळी सहाला उभं राहा, बास. दहावीच्या निकालानंतर नांदेड, परभणी, बीड, हिंगोलीची पोरं येतात, लातूर पॅटर्नच्या नावावर. एका खोलीत चार कॉट, प्रत्येक कॉटचं भाडं वेगळं, खाली मेस, झेरॉक्स, चहा, चष्म्याचं दुकान. साधी राहती घरं होती ती, मालक आता वरच्या एका खोलीत राहतो आणि बाकी सगळं कॉट. मार्केट यार्डाचं केंद्र वेगळं, एमआयडीसीचं वेगळं, ही तिसरी गोलाई नीटच्या रँकवर चालते, आणि रिझल्ट बरा लागला की आमच्या प्लॉटचा भाव चढतो, हसू नका, खरं आहे.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. हार्वे मोलोच. हे नाव मी कॉलेजात ऐकलंच नाही. १९७६ ला त्याचा लेख आला, तो पण शिकागो विद्यापीठाच्याच नियतकालिकात, आणि त्यात तो म्हणतो की शहर म्हणजे वाढीचं मशीन आहे. शहर आपोआप वाढत नाही, ते वाढवतात. कोण? ज्यांची जमीन आहे ते, आणि जमिनीचा भाव चढला की ज्यांचं भलं होतं ते सगळे. बिल्डर, बँका, वकील, पुढारी, लोकल पेपर (माणसं वाढली की खप वाढतो, जाहिराती वाढतात), अगदी विद्यापीठं सुद्धा. हे लोक बाकी सगळ्यावर एकमेकांची डोकी फोडतील पण शहर वाढलं पाहिजे यावर कधी भांडणार नाहीत. पुढं १९८७ ला जॉन लोगनबरोबर त्यानं हेच आणखी फोडून मांडलं, की एका जमिनीला दोन किमती असतात, राहणाऱ्याची एक आणि विकणाऱ्याची एक, आणि शहरातली निम्मी भांडणं या दोघांचीच असतात.

मी हे रात्री अकराला वाचत होतो आणि मला वाटलं या माणसानं आमच्या ऑफिसात येऊन चहा पिलाय.

कसं चालतं सांगतो. कडंच्या गावात कुणाचं तरी पोरीचं लग्न असतं, नाहीतर दवाखाना, नाहीतर दोन वर्षं सोयाबीन गेलेलं असतं. आमचा माणूस पोचतो, इसार देतो, इसारपावती होते. मग जमीन जर एनए, म्हणजे बिगरशेती, करायला परवडली तर लेआउट, रस्ते, ओपन स्पेस सोडणं, सगळं कायद्यात. नाही परवडली तर गुंठेवारी, म्हणजे रानाचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून नुसत्या बॉण्डवर विकायचे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे, एक-दोन गुंठे असे विकताच येत नव्हते, म्हणून तर बॉण्ड. मग सरकारनं २००१ ला गुंठेवारीचा कायदा केला की १ जानेवारी २००१ पर्यंतचं झालं गेलं नियमित करा, आणि २०२१ ला तीच तारीख सरकवून ३१ डिसेंबर २०२० केली. आम्हाला यातून काय कळलं असेल? तारीख सरकते. मी गिऱ्हाईकाला हेच सांगतो, 'घ्या तुम्ही, तारीख सरकते.' तुमच्या पुस्तकात आधी आराखडा येतो आणि मग शहर. इकडं आधी मुरमाचा रस्ता, मग दोन घरं, मग एक देऊळ, मग लाईटचे खांब, मग इलेक्शन, मग नगरसेवकाच्या पाहुण्याला म्हणजे गुत्तेदाराला सिमेंट रस्त्याचं काम, मग कमान, कमानीवर नगराचं नाव. मशीनचा एकेक दात. त्यातला सगळ्यात बारका दात मी.

आणि हे मशीन थांबत नाही हे मी २०१६ ला बघितलं. तुम्ही पण लातुरात असाल तर विसरला नसाल. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. सगळ्या देशाचे कॅमेरे आमच्याकडं. घरी माझी आई भांडी धुतलेलं पाणी संडासला वापरत होती. आणि त्याच महिन्यात मी दोन प्लॉट विकले सर. गावाकडं तर पाण्याबरोबर काम पण नव्हतं, माणसं शहराकडंच येत होती. 'बोअरला पाणी आहे' म्हणून सांगितलं मी. बोअर होता. पाण्याचं मी बघितलं नव्हतं. २००१ ला तीन लाखांच्या आसपास असलेलं हे शहर २०११ ला पावणेचार लाखांच्या वर गेलं, त्याच वर्षी महानगरपालिका झाली, फटाके वाजले, माझा पण फ्लेक्स होता अभिनंदनाचा. पावणेचार लाखांना पाणी कुठून येतं हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला असता तर त्याला शहराचा दुश्मन म्हटलं असतं. मोलोच नेमकं हेच सांगतो, की वाढीबद्दल प्रश्न विचारणाऱ्यालाच गावाचं वाईट चिंतणारा ठरवतात.

मला माहितीय तुम्ही काय म्हणाल, सिलॅबस आमच्या हातात नाही. मान्य. पण प्रश्नपत्रिका काढणारे तुम्हीच आहात की. आणि चालत जाऊन शहर बघणं हे काय फक्त शिकागोचं नाही. पॅट्रिक गेडिस १९१४ ला भारतात आला, मूळ जीवशास्त्राचा माणूस, गावोगाव गल्ल्या पायानं तुडवत फिरला आणि कितीतरी शहरांचे अहवाल लिहिले. त्याचं म्हणणं एवढंच, की आधी रोग ओळखा, मग चाकू काढा, आणि कापायचंच तर जपून. १९१९ ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो याच माणसाच्या हाताखाली, आणि त्याच्यानंतर आले मालवणचे घुर्ये. म्हणजे आपल्याकडं हा विषय जन्मलाच पायानं चालत, वर्गात बसवला तो नंतर.

कागदावर आखलेल्या गावाचं काय होतं ते तर आपल्या जिल्ह्यानं भोगलंय. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, त्यानंतर लातूर आणि धाराशिव मिळून ५२ गावं नव्या जागी बसवली. पक्की घरं, सरळ रेषेतले रुंद रस्ते, शहरासारखे चौकोन. माझी मावशी अशाच एका गावात आहे. ती म्हणते घर चांगलंय, पण जुन्या गावात दारात बसलं की भावकी दिसायची, इथं रस्ता दिसतो. ह्या एका वाक्यावर तुमच्याकडं पीएचडी होऊ शकते, कुणाला पाठवा तरी.

तर माझी मागणी साधी आहे. पुढच्या वर्षी तो आकृतीवाला प्रश्न काढू नका. गोलाईला १६ रस्ते आहेत, वर्गात साधारण तेवढीच पोरं राहिलेत आता (हे पण मला माहितीय), एकेकाला एकेक रस्ता द्या, गोलाईपासून निघायचं आणि शेवटच्या एनएच्या खांबापर्यंत चालायचं. कोण विकतंय, कोण भाड्यानं आहे, आधी इथं काय होतं, कुठल्या कोपऱ्यावर आडनावं बदलतात. बर्जेस लागू पडला तर पडला, नाही पडला तर का नाही ते लिहू द्या. माझ्या ऑफिसला पण पाठवा, नाव छापणार नसाल तर सगळं दाखवतो, जुने इसार, बॉण्ड, सगळं.

अजून एक. १९३८ ला लुई विर्थनं लिहिलं की मोठं, दाट आणि सरमिसळ शहर झालं की माणसं एकमेकांना नुसती कामापुरती ओळखायला लागतात. हे तुम्ही शिकवता, आम्ही पाठ केलं. पण येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात जाऊन पूजा करून जेवायच्या सणाला, कधी लातूरचा बाजार बघितलाय का? संचारबंदी लागल्यासारखा असतो. सगळं शहर रानात. ज्याला रान नाही त्याला कुणीतरी घेऊन जातंच, मागच्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या बिहारच्या पोराला तीन ठिकाणची बोलावणी होती.

माझ्या पहिल्या साईटचं रान ज्यांचं होतं ते काका अजून येळवसला तिथंच येतात. लेआउटमधली त्यांची विहीर बुजवली, बांध गेले, पण ओपन स्पेसच्या कोपऱ्यात एक लिंब राहिलाय, त्याच्या खाली ते कडब्याची कोप करतात, पाच पांडव मांडतात, आणि प्लॉटवाल्या घरांतली माणसं, एक डॉक्टर, दोन मास्तर, एक एसटीतले, हळूहळू त्यांच्या पंगतीला येऊन बसायला लागलेत. पहिल्या वर्षी मी लांबूनच बघितलं, तोंड दाखवायला लाज वाटली. दुसऱ्या वर्षी काकांनीच हाक मारली. ह्याला विर्थच्या हिशोबात काय म्हणायचं ते मला येत नाही, तुम्हाला येत असेल तर सांगा. नाहीतर यंदा पोरांना घेऊन या, दुपारी बाराच्या आत, उशीर झाला की भज्जी राहत नाही, आंबील मात्र लोटकी भरून असते.

तुमचा माजी विद्यार्थी,
सेकंड क्लास, लातूर